रोजच्या सवयींबद्दल इंग्लिशमध्ये बोलायचंय? मग मोठे शब्द नंतर, ही छोटी क्रियापदं आधी

स्वतःत काय बदल करतोय हे इंग्लिशमध्ये सांगायचं म्हटलं की बरेच जण पहिले 'प्रोक्रॅस्टिनेशन', 'डिसिप्लिन', 'सेल्फ-कंट्रोल' असले भारी शब्द पाठ करायला घेतात, आणि मग कुणी 'व्हॉट डू यू डू इन द मॉर्निंग?' एवढं साधं विचारलं तरी तोंडातून वाक्य निघत नाही. कारण या विषयावर बोलताना खरं काम करतात ती गेट, कीप, गिव्ह, कट, पुट, स्टिक असली चिमुकली क्रियापदं, जी शाळेपासून माहितीयत पण त्यांच्यामागे नेमकं काय जोडायचं तेच पक्कं नसतं. म्हणून आधी तीच बघू.

मराठीत सवय लागते, आपण ती लावून घेतो, मोडतो आणि कधीकधी ती आपोआप सुटते. इंग्लिशमध्ये या चारही गोष्टींना वेगवेगळी क्रियापदं आहेत. रात्री वाचायची सवय लागली तर 'आय गॉट इनटू द हॅबिट ऑफ रीडिंग ॲट नाइट'. मुद्दाम लावून घ्यायचीय तर 'आय वॉन्ट टू बिल्ड अ रीडिंग हॅबिट'. वाईट सवय मोडायची तर 'ब्रेक द हॅबिट', आणि चांगली सवय सुटली तर 'आय गॉट आउट ऑफ द हॅबिट'. 'ऑफ'च्या पुढे क्रियापद आलं की त्याला आयएनजी लावायचाच, 'हॅबिट टू रीड' असं म्हणायचं नाही. आणखी एक, 'आय हॅव अ हॅबिट ऑफ' हे इंग्लिश बोलणारे बहुतेकदा खोडीबद्दल म्हणतात, म्हणजे मधेच बोलणं, नखं खाणं वगैरे, त्यामुळे चांगल्या सवयीसाठी 'आय ट्राय टू रीड एव्हरी डे' असं सरळ सांगितलेलं जास्त बरं वाटतं.

आपल्याकडे चातुर्मासाचे नेम असतात ना, आषाढी एकादशी ते कार्तिकी एकादशी कुणी कांदा-लसूण सोडतं, कुणी चहा सोडतं, त्यावर हे सगळं फार छान बसतं. पूर्ण सोडणं म्हणजे 'गिव्ह अप': 'आय गिव्ह अप अनियन्स अँड गार्लिक फॉर फोर मंथ्स एव्हरी इयर'. सोडला नाही, नुसता कमी केलाय, तर 'आय एम कटिंग डाउन ऑन टी', इथे 'ऑन' विसरायचा नाही. नवीन काही हाती घेतलं, पोहणं, गाणं, बागकाम, तर 'टेक अप': 'आय टुक अप स्विमिंग लास्ट इयर'. चालढकल चाललीय तर 'आय कीप पुटिंग इट ऑफ', आणि हे 'कीप' अधिक आयएनजी म्हणजे आपलं 'सारखं तेच करत राहणं', रोज दहादा कामाला येतं. खाडा पडला तर दोन शब्द आहेत, मुद्दाम बुडवलं तर 'आय स्किप्ड माय वॉक' आणि नुसतं राहून गेलं तर 'आय मिस्ड माय वॉक'. परत सुरू केलं तर 'आय एम बॅक ऑन ट्रॅक'. ठरवलेलं धरून ठेवलं तर 'आय एम स्टिकिंग टू माय प्लॅन'. आणि 'स्टॉप'कडे जरा नीट लक्ष द्या: 'आय स्टॉप्ड ड्रिंकिंग टी' म्हणजे चहा सोडला, 'आय स्टॉप्ड टू ड्रिंक टी' म्हणजे चहा प्यायला थांबले, अर्थ पार उलटा होतो.

आता काळ. इथे मराठी माणसाला खरं तर घाबरायचं कारणच नाही, आपला कान आधीच तयार आहे. 'मी जिमला जातो' आणि 'सध्या मी जिमला जातोय' यातला फरक आपण विचार न करता पाळतो ना, तोच इंग्लिशमध्ये पाळा: 'आय गो टू द जिम' आणि 'आय एम गोइंग टू द जिम दीज डेज'. कायमची सवय सांगताना 'डेली आय एम गोइंग' असं बोललं जातं ते तेवढं टाळा, 'एव्हरी डे' शेवटी टाका, विषय संपला. पूर्वीची सवय, म्हणजे 'मी रात्री एकपर्यंत रील्स बघायचो', यातलं 'बघायचो' म्हणजेच 'यूज्ड टू': 'आय यूज्ड टू वॉच रील्स टिल वन ॲट नाइट', बोलताना ते 'यूस्टू' असं ऐकू येतं. पण 'मला लवकर उठायची सवय आहे' हे वेगळं, ते 'आय एम यूज्ड टू गेटिंग अप अर्ली', त्यात 'एम' पण हवा आणि आयएनजी पण. एकाच गोष्टीत मराठी आपल्याला अडवते, ती म्हणजे 'पासून'. 'दोन वर्षांपासून' आणि '2022 पासून' दोन्हीकडे आपण एकच शब्द वापरतो म्हणून तोंडात 'सिन्स टू इयर्स' येतं. किती काळ ते सांगायचं तर 'फॉर', कधी सुरू झालं ते सांगायचं तर 'सिन्स': 'आय हॅव बीन वॉकिंग फॉर टू इयर्स', 'आय हॅव बीन वॉकिंग सिन्स 2022'. हे वाक्य तोंडात बसेपर्यंत मोठ्याने म्हणत रहा, खूप उपयोगी आहे.

शिकायचं कसं, तर शब्दांच्या याद्या उतरवू नका, आपला दिवस उतरवा. माझ्या वहिनीची वही मला फार आवडते, डाव्या पानावर ती जसं बोलते तसं मराठीत लिहिते आणि उजव्या पानावर इंग्लिश. डावीकडे 'पाचला जाग येते पण उठते साडेपाचला', उजवीकडे 'आय वेक अप ॲट फाइव्ह बट आय डोन्ट गेट अप टिल हाफ पास्ट फाइव्ह'. वेक अप आणि गेट अप यांतला फरक तिला कुणाला विचारावाच लागला नाही. खाली 'डबे भरताना बातम्या ऐकते' म्हणजे 'आय लिसन टू द न्यूज व्हाइल आय पॅक द लंचबॉक्सेस', 'भांडी घासते' म्हणजे 'आय डू द डिशेस', 'बँक, गिरणी, मेडिकल उरकते' म्हणजे 'आय रन एरंड्स', आणि शेवटी 'मोबाइल बेडरूममध्ये न्यायचा नाही असं चाललंय', 'आय एम ट्राइंग टू कीप माय फोन आउट ऑफ द बेडरूम'. जिथे अडेल तिथे ऑक्सफर्ड किंवा केंब्रिजची शिकणाऱ्यांसाठीची ऑनलाइन डिक्शनरी उघडा, फुकट आहेत, ब्रिटिश आणि अमेरिकन दोन्ही उच्चार ऐकायला मिळतात. अर्थ वाचून बंद करू नका, खालची उदाहरणं वाचा, 'हॅबिट'च्या आगेमागे काय येतं ते तिथेच दिसतं.

लिहिलेलं विसरतं, ते साहजिक आहे. हर्मन एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने स्वतःवरच प्रयोग करून 1885 साली दाखवलं की पाठ केलेलं सुरुवातीलाच झपाट्याने विसरतं आणि नंतर विसरण्याचा वेग कमी होतो, म्हणून उजळणी पहिल्या एकदोन दिवसांत पाहिजे आणि मग हळूहळू अंतर वाढवत न्यायचं. याच विचारावर सेबास्टियन लाइटनर या विज्ञानलेखकाची 1972 मधली खोक्याची पद्धत आहे. चपलांच्या खोक्यात तीन कप्पे करा, चिठ्ठीवर पुढे मराठी वाक्य, मागे इंग्लिश. पहिला कप्पा रोज, दुसरा तीन दिवसांनी, तिसरा आठवड्याने. बरोबर आलं तर चिठ्ठी पुढच्या कप्प्यात, चुकलं तर परत पहिल्यात. मोबाइलवर करायचं तर अँकीड्रॉइड हे अशाच चिठ्ठ्यांचं अँड्रॉइड ॲप फुकट आहे, पण चिठ्ठ्या स्वतः बनवा, दुसऱ्याच्या तयार चिठ्ठ्यांमध्ये तुमचा दिवस नसतो.

आणि बोला. ज्यांना आयईएलटीएस, म्हणजे परदेशी शिकायला-कामाला जाताना लागणारी इंग्लिशची परीक्षा, द्यायचीय त्यांच्यासाठी तर हा विषय हमखास कामाचा, स्पीकिंगच्या पहिल्या भागात चार-पाच मिनिटं घर, काम, आवडीनिवडी असंच विचारतात, दुसऱ्या भागात तयारीला एक मिनिट मिळतं आणि मग दोन मिनिटांपर्यंत बोलायचं असतं. परीक्षा नसली तरी हाच साचा वापरा: एक सवय निवडा, एक मिनिट मुद्दे लिहा, दोन मिनिटं मोबाइलवर रेकॉर्ड करा. आधी काय करायचो, आता काय करतोय, कुठे खाडा पडतो, पुढे काय करायचंय, या चार गोष्टी आल्या की वर सांगितलेलं जवळपास सगळं त्यात वापरून होतं. ऐकताना उच्चारही तपासा, 'ब्रेकफास्ट' नाही 'ब्रेकफस्ट', 'डेव्हलप'चा जोर पहिल्या नाही तर मधल्या 'व्हे'वर, आणि 'शेड्यूल', 'स्केज्यूल' दोन्ही बरोबर, एक ब्रिटिश, एक अमेरिकन, त्यावरून कुणी तुम्हाला टोकलं तर सरळ पुढे बोलत रहा.