एसटीने डोंगर-नदी फिरायला निघालात? या चुका टाळा (खान्देशातल्या लोकांसाठी)

गेली बरीच वर्षं मी एसटीनेच फिरतोय. गाडी नाही म्हणून नाही, गाडी आहे, पण पाटणादेवीहून चढून पितळखोऱ्याच्या लेण्यांना जायचं आणि उतरायचं दुसरीकडे तर स्वतःची गाडी म्हणजे पायातला धोंडा, तिच्यासाठी परत त्याच जागी यावं लागतं. एसटीला ते नाही. पण दर पावसाळ्यात ग्रुपमध्ये नवीन मंडळी येतात आणि तीच तीच माती खातात. सांगून सांगून तोंड दुखलं म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

सगळ्यात मोठी चूक, आणि ही मी स्वतः केलीये: जायची गाडी विचारायची आणि यायची विचारायचीच नाही.

सातपुड्याच्या पायथ्याचं एक गाव आहे, नाव सांगत नाही, गावाची काही चूक नव्हती. तिथून नाल्या-नाल्याने वर गेलं की मस्त डोह आहेत. मी आधी एकदा बुधवारी जाऊन आलो होतो, संध्याकाळी पाचला गाडी मिळाली होती, त्यामुळे डोक्यात पक्कं बसलं की पाचला गाडी असते. पुढच्या वेळी रविवारी गेलो, दोन मित्रांना घेऊन, आणि वरून "काळजी करू नका, पाचची गाडी आहे" असं सांगून. सकाळी फाट्यापासून काळी-पिवळी मिळाली, दिवस भारी गेला, पावणेपाचला येऊन गावातल्या पारावर बसलो. पाच झाले, सव्वापाच झाले. समोरच्या ओट्यावर एक आजी शेंगा फोडत होत्या, त्यांनी बराच वेळ बघितलं आणि मग विचारलं, "काय देखी राह्यनात रे भो?" म्हटलं गाडी. आजी हसल्या. "आज रईवार शे. ती पोरीस्नी गाडी शे. शाळा नही त गाडी नही."

तर ती होती मानव विकासची गाडी. खेड्यातल्या मुलींना शाळेत नेण्या-आणण्यासाठी ज्या गाड्या सुरू आहेत त्यातली. शाळेच्या वेळेला धावणार, रविवारी नाही, दिवाळीच्या सुट्टीत नाही, उन्हाळ्यात नाही. आणि आपण फिरायला कधी जातो? नेमकं रविवारी आणि सुट्टीत.

बरं पुढे ऐका. सातला लांबून दिवे दिसले, गाडी गावात आली, आमच्यातला एक तर उठून टाळ्याच वाजवायला लागला. ती मुक्कामी गाडी होती. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, मुक्कामी म्हणजे रात्री गावात येते, ड्रायव्हर-कंडक्टर तिथेच झोपतात, पहाटे निघते. कंडक्टरभाऊ शांतपणे म्हणाले, सकाळी साडेपाचला बसा. दुसऱ्या दिवशी तिघांनाही ड्युटी. मग नऊ किलोमीटर डांबरी रस्त्याने, दोन्ही बाजूला केळीचे बाग, पूर्ण अंधार, कुठेतरी ठिबकची नळी फुटून सूं सूं आवाज आणि प्रत्येक मळ्यात एक कुत्रं. फाट्यावर पोचलो तेव्हा साडेनऊ वाजले होते, माझ्याशी कुणी बोलत नव्हतं, आणि बरोबरच होतं ते.

तेव्हापासून मी उलटं चालतो. परतीची शेवटची गाडी किती वाजता, तिथून मागे मोजायचं. तिच्या आधीच्या गाडीने निघायचं असं ठरवायचं, शेवटची गाडी ही राखीव. आणि विचारायचं तिघांना. स्टँडवर चौकशीच्या खिडकीत, ज्या गाडीने गेलो तिच्या कंडक्टरला उतरताना, आणि गावातल्या चहाच्या टपरीवर. तिघांचं उत्तर वेगळं आलं तर टपरीवाल्याचं खरं, हा माझा अनुभव. विचारताना पण "गाडी आहे का" असं मोघम नको, "आज, या वाराला, परत जाणारी" असं विचारायचं. कारण "हो, आहे ना सातला" म्हणणारा माणूस मुक्कामी गाडीबद्दल बोलत असतो आणि तो खोटं बोलत नसतो.

आषाढीच्या आठवड्यात गाड्या पंढरपूरला जातात, दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेला, तेव्हा खेड्यातल्या फेऱ्या कमी होतात. त्या दिवसांत आडगावी जाऊच नका, सरळ.

गाडीची पाटी अर्धी वाचणे. जळगावहून चोपड्याला धरणगाव मार्गेही गाडी जाते आणि विदगाव-धानोरा-अडावद मार्गेही. उनपदेवच्या गरम पाण्याच्या झऱ्याला जायचं तर अडावदला उतरायचं. पाटीवर "चोपडा" दिसलं की लोक उड्या मारून चढतात आणि मग अडावद गेलं का, गेलं का विचारत धरणगावला पोचतात. पाटीवरचं "मार्गे" बारीक अक्षरात असतं पण महत्त्वाचं तेच असतं.

फाटा म्हणजे गाव नव्हे. फाट्यापासून गाव पाच-सहा किलोमीटर आत असू शकतं, आणि ते अंतर तुमच्या चालण्यात धरायचं असतं.

आता नदी-नाला. यावर मी जरा जास्त बोलणार आहे.

आपल्याकडच्या सुकी, मोर, अनेर, गोमाई या सगळ्या नद्या सातपुड्यातून खाली तापीला येतात. उतार तीव्र, अंतर कमी. तुमच्या डोक्यावर स्वच्छ ऊन असतं आणि वर रांगेत, कधी कधी पार मध्य प्रदेशच्या हद्दीत, पाऊस झोडपत असतो. ते पाणी खाली यायला फार वेळ लागत नाही. पाटणादेवीकडे गोष्ट तीच, फक्त डोंगर दुसरा. २०२१ च्या ऑगस्टअखेर डोंगरी आणि तितूर नदीने चाळीसगावचं काय केलं ते सगळ्यांनी बघितलंय, त्याच पावसात कन्नड घाटात दरडी कोसळल्या होत्या. तीच डोंगरी नदी एरवी पाटणादेवीजवळ घोट्याएवढी असते आणि पोरं तिच्यात बसून फोटो काढतात.

एका सप्टेंबरात रावेर तालुक्यातल्या पाल गावाच्या बाजूला सुकीला मिळणाऱ्या एका नाल्याच्या वर गेलो होतो, चौघं. परतताना नाला ओलांडायचा होता, पलीकडे अर्ध्या तासावर डांबरी रस्ता आणि चारची गाडी. साडेतीन होत आलेले. सकाळी हाच नाला बूट हातात घेऊन ओलांडला होता, पाणी घोट्याच्या वर नव्हतं. अलीकडच्या काठावर एक शेळ्या राखणारा पोरगा बसलेला, म्हणाला, "दादा थांबा, वर पाणी पडलंय." आकाश निळंशार. आमच्यात एक नवीन होता, पहिलाच ट्रेक, नवे कोरे बूट, तो म्हणाला अरे दोन मिनिटांचं काम आहे, गाडी जाईल. आणि खरं सांगतो, मी पण पँट वर दुमडायला लागलो होतो.

मग पाण्याकडे बघितलं. सकाळी तळाचे गोटे दिसत होते, आता दिसत नव्हते. पाणी वाढलं नव्हतं, फक्त रंग बदलला होता, दुधाच्या चहासारखा. मग वरून सागाची वाळकी पानं यायला लागली, एक-दोन नाही, थवेच्या थवे, मध्ये काड्या आणि पिवळट फेस. मी पँट खाली सोडली. पाच-सात मिनिटं गेली असतील, वरच्या वळणामागून आवाज आला, घाटात भरलेला ट्रक पहिल्या गिअरवर चढतो तसा, आणि जिथून आम्ही ओलांडणार होतो तिथे छातीएवढं पाणी. एक पूर्ण ओंडका गेला समोरून, मुळासकट. नवीन मित्र खाली बसला तो बराच वेळ उठलाच नाही.

सहाच्या पुढे पाणी उतरलं. त्या पोराने आधी स्वतः काठी टाकून बघितलं, मग आम्हाला बोलावलं. गाडी गेलीच होती, भाजीच्या पिकअपमध्ये कोथिंबिरीच्या जुड्यांवर बसून रावेरला आलो.

मला या प्रकारात नदीपेक्षा जास्त भीती त्या चारच्या गाडीची वाटते. माणूस नाल्यात उतरतो तो धाडसाने नाही, गाडी चुकेल म्हणून उतरतो. म्हणून म्हणतो परतीच्या वेळेत दोन तास मोकळे ठेवा. पाण्याचा रंग बदलला, पानं-काड्या आल्या, की काठावर बसायचं. चहा प्या, भाकरी खा. आणि डोहात उडी मारणाऱ्यांनी माझ्याबरोबर येऊ नये, मी स्पष्ट सांगतो.

उन्हाळ्यातली चूक वेगळी. "जंगल आहे, सावली असेल." कसली सावली? आपलं जंगल सागाचं, सलईचं, पानगळीचं. मार्चमध्ये सागाला पान राहत नाही, खाली पापडासारखी पानं आणि वर नुसत्या काठ्या, आणि खान्देशातलं ऊन तुम्हाला माहितीये. झऱ्यांवर भरोसा ठेवू नका, बरेच जानेवारी-फेब्रुवारीतच आटतात. मी माणशी तीन लिटर पाणी नेतो, त्यातली एक बाटली परतीची, ती चढताना उघडायची नाही. शिवाय मार्च-एप्रिल मोहफुलांचा काळ, भल्या पहाटे मोहाखाली फुलं वेचायला अस्वल पण येतं. मी तर होळीनंतर जंगल बंदच करतो, पहिला पाऊस पडेपर्यंत. ज्यांना राहवत नाही त्यांनी तोरणमाळला जावं, पण तिथे दुसरी चूक: जळगावहून एका दिवसात उरकायला निघणे. शहाद्याच्या पुढेच घाट धरून पन्नासेक किलोमीटर आहेत. यशवंत तलावाला तोंड दाखवून परत फिरायचं असेल तर घरीच फोटो बघा. एक मुक्काम करा, सीताखाईपर्यंत निवांत चाला.

शॉर्टकट. मोबाईलच्या मॅपवर दोन वाटांमध्ये बोटभर अंतर दिसतं म्हणून मधून घुसायचं. मध्ये घाणेरीची जाळी असते आणि जी वाट वाटते ती ढोरवाट असते, ती पाण्यापाशी किंवा चाऱ्यापाशी जाऊन संपते, कारण ढोराला पितळखोरं बघायचं नसतं. ज्याला घाई आहे त्याने लळिंगचा किल्ला करावा, धुळ्याच्या बाहेर हायवेलाच आहे, वाट समोर दिसते. फक्त गाडी लळिंगला थांबते का ते चढायच्या आधी विचारा, जलद गाड्या सरळ निघून जातात.

पटापट बाकीचं. अभयारण्यात गेटवर नोंद करा, मागच्या बाजूने घुसू नका, हरवलात तर कुणाला कळणारही नाही. गौताळा काय, यावल काय, बिबट्याचं घर आहे, कानात हेडफोन घालून चालू नका. पाटणादेवीला केळी हातात धरून फिरू नका, वानरं तुमच्यापेक्षा चपळ आहेत. सुट्टे पैसे ठेवा, खेड्यात नेट नसलं की मोबाईलमधले पैसे मोबाईलमध्येच राहतात. बायकांना अर्धं तिकीट झाल्यापासून, म्हणजे २०२३ पासून, रविवारी गाड्या भरून येतात, त्यामुळे फाट्यावरून हात दाखवण्यापेक्षा स्टँडवरून बसा. डिसेंबरात सहाच्या आत सूर्य जातो आणि दरीत तर त्याच्याही बराच आधी, टॉर्च सकाळीच बॅगेत टाका. जीन्स घालून येणाऱ्याला मी आता काही बोलत नाही, नाला ओलांडल्यावर त्याला आपोआप कळतं.

आणि कुसळं. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गवत कमरेच्या वर जातं, त्याची कुसळं मोज्यात अशी घुसतात की पाय टाकला की टोचतात. ती फाट्यावर गाडीची वाट बघताना काढा. आमच्यातला एकजण गाडीत बसून काढत होता, सीटवर ठेवत होता, पुढच्या स्टॉपला त्या सीटवर एक पांढऱ्या धोतरातले बाबा बसले. शिरपूर येईपर्यंत आम्ही खिडकीबाहेरच बघत होतो.