जुन्या गाडीचं मिसिंग: इग्निशन कॉइल तपासणं आणि बदलणं

चढावर ॲक्सिलरेटर दाबला की गाडी झटके मारते, आयडलिंगला इंजिन थरथरतं, सायलेन्सरमधून कच्च्या पेट्रोलचा वास येतो. ही मिसिंगची, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट न पेटण्याची (मिसफायरची) लक्षणं. जुन्या पेट्रोल गाडीत पहिला संशय इग्निशन कॉइलवर, म्हणजे स्पार्क प्लगला ठिणगीची वीज पुरवणाऱ्या भागावर जातो आणि बरेचदा तो खराही ठरतो. पण कॉइल सहसा आपणहून मरत नाही. तिला मारणारी गोष्ट शेजारीच असते आणि ती तशीच ठेवून नवी कॉइल लावली, तर तीही त्याच वाटेने जाते.

कॉइल बॅटरीच्या १२ व्होल्टचे २० ते ४० हजार व्होल्ट करते. नेमके किती लागतील, हे मुख्यतः प्लगची फट आणि सिलिंडरमधला दाब ठरवतात. प्लग झिजून फट वाढली की ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं आणि तो ताण कॉइलच्या आतल्या इन्सुलेशनवर येतो. एक दिवस वीज प्लगची वाट सोडून इन्सुलेशन फोडते आणि जवळच्या धातूवर उडी मारते. दुसरं नेहमीचं कारण तेल. टॅपेट कव्हरचं, म्हणजे इंजिनच्या माथ्यावरच्या झाकणाचं गॅस्केट किंवा प्लगच्या नळीचं सील गळलं, की प्लग बसतो त्या खोल भोकात ऑइल साचतं आणि कॉइलचा रबरी बूट (प्लगवर बसणारी नळी) फुगून मऊ पडतो. इंजिन पाण्याने धुतल्यावर सुरू झालेलं मिसिंगही बहुधा याच भोकात साचलेल्या पाण्याचं असतं.

दोष कुठल्या सिलिंडरचा?

चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर गाडी तशीच दामटू नका. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे धूर स्वच्छ करणाऱ्या डब्यात जाऊन जळतं आणि तो आतून वितळू शकतो. कन्व्हर्टर कॉइलपेक्षा कितीतरी महाग असतो.

गाडीला ओबीडी-२ सॉकेट (गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेले दोषांचे कोड वाचायची जागा) असेल तर स्कॅनर लावा. पी०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरचं मिसफायर, पी०३०२ दुसऱ्याचं, याप्रमाणे पुढे. पी०३०० म्हणजे मिसफायर एका ठिकाणी पकडता आलेलं नाही. पी०३५१ पासूनचे कोड कॉइलच्या सर्किटचे. त्यात कॉइलइतकाच दोष वायरचा किंवा कनेक्टरचाही असू शकतो, म्हणून फक्त कोड वाचून कॉइल विकत आणू नका.

स्कॅनर चालत नसेल, पण इंजेक्शनची गाडी असेल, तर इंजिन चालू ठेवून एकेका इंजेक्टरचा (पेट्रोल फवारणाऱ्या भागाचा) कनेक्टर काढून लावा. चांगल्या सिलिंडरचा काढला की इंजिन लगेच मंदावतं. ज्याचा काढून काहीच फरक पडत नाही, तो सिलिंडर मेलेला आहे. हीच परीक्षा चालू इंजिनवर कॉइल उचलून करणारे बरेच जण आहेत. तसं करू नका. जोराचा शॉक बसतोच, शिवाय वाट न मिळालेली वीज इग्निशन मॉड्यूल जाळू शकते.

प्रत्येक प्लगवर वेगळी कॉइल असेल, तर यापुढची सर्वात खात्रीची चाचणी अदलाबदलीची. समजा, कोड पी०३०२ आहे. इंजिन बंद करून दुसऱ्याची कॉइल तिसऱ्यावर आणि तिसऱ्याची दुसऱ्यावर लावा, कोड पुसा आणि इंजिन गरम होईपर्यंत चालवा. आता पी०३०३ आला तर कॉइलच खराब. पी०३०२ च राहिला तर कॉइल निर्दोष. मग प्लग, इंजेक्टर आणि कम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) याच क्रमाने पाहा. एका वेळी एकच वस्तू हलवा. कॉइलबरोबर प्लगही हलवलात तर उत्तराला काही अर्थ उरत नाही.

चार सिलिंडरला दोन कॉइलचा पॅक असेल तर सहसा १-४ आणि २-३ अशा जोड्या असतात. जोडीतले दोन्ही सिलिंडर मिस करत असतील तर कॉइलचा संशय घट्ट होतो. एकच करत असेल तर आधी त्याची हाय टेन्शन वायर (कॉइलपासून प्लगपर्यंतची) आणि प्लग बघा.

मल्टिमीटर किती सांगतो

दोन पिनांच्या कॉइलमध्ये प्रायमरीचा (बॅटरीकडच्या वेटोळ्याचा) रेझिस्टन्स साधारण ०.४ ते २ ओहम, सेकंडरीचा (प्लगकडच्या वेटोळ्याचा) ५ ते १५ किलोओहम येतो. अचूक आकडा त्या मॉडेलच्या मॅन्युअलमधून घ्या. आधी मीटरच्या दोन्ही टोकांना एकमेकांशी जोडून येणारा आकडा वजा करा, कारण एवढ्या लहान मापात मीटरच्या वायरीही मोजल्या जातात. तीन-चार पिनांच्या कॉइलमध्ये आतच इलेक्ट्रॉनिक्स असल्याने प्रायमरी अशी मोजता येत नाही. आणि रीडिंग बरोबर आलं म्हणून कॉइल चांगली असं धरू नका: इन्सुलेशनची चीर मीटरच्या छोट्या व्होल्टेजला दिसत नाही, ती इंजिन गरम झाल्यावर आणि भार आल्यावरच बोलते. बूटवर पेन्सिलच्या रेघेसारखी काळी वाट दिसली, तर तो मीटरपेक्षा मोठा पुरावा.

पॉइंटवाल्या डिस्ट्रिब्यूटरची (कॉइलचा प्रवाह यांत्रिक संपर्काने तोडणारी जुनी) गाडी असेल तर एक गोष्ट जपा. बॅलास्ट रेझिस्टर (कॉइलचा प्रवाह मर्यादित ठेवणारा भाग) नसलेल्या सिस्टिमची कॉइल साधारण ३ ओहमची, असलेल्या सिस्टिमची सुमारे दीड ओहमची. दीड ओहमची कॉइल बॅलास्टशिवाय लावली तर ती तापते आणि पॉइंट जळतात. प्लस-मायनसही उलट लावू नका, ठिणगी कमजोर होते.

बदलताना

इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. ॲल्युमिनियमच्या हेडमधून गरम असताना प्लग काढला तर आटे खराब होऊ शकतात. बॅटरीची निगेटिव्ह तार सोडा. जुन्या कनेक्टरचं प्लास्टिक कडक आणि ठिसूळ झालेलं असतं: कनेक्टर आधी किंचित आत ढकला, मग लॉक दाबून बाहेर घ्या; वायर धरून ओढू नका. कॉइलचा बोल्ट बहुतेक वेळा १० नंबरच्या सॉकेटने निघतो. मग कॉइल अर्धा वळसा डावी-उजवीकडे फिरवून बूट सुटा करा आणि सरळ वर ओढा. तिरकी ओढली की बूट तुटून आतच राहतो.

प्लग सोडण्यापूर्वी भोकात हवा मारा, नाहीतर कचरा सिलिंडरमध्ये पडतो. तेल असेल तर पुसून घ्या आणि सील बदलल्याशिवाय नवी कॉइल लावू नका.

नवा प्लग आधी हाताने शेवटपर्यंत फिरवा. वॉशरवाला १४ मिलिमीटरचा प्लग बहुधा २० ते ३० न्यूटन मीटरला घट्ट होतो. टॉर्क पाना नसेल तर हाताने बसल्यावर अर्धा वळसा. वॉशर नसलेल्या, निमुळत्या सीटच्या प्लगला जेमतेम सोळावा हिस्सा वळसा पुरतो. बूटच्या आतल्या कडेला डायइलेक्ट्रिक (वीज न वाहणाऱ्या) ग्रीसचा पातळ थर द्या, मधल्या स्प्रिंगला लावू नका. बूट प्लगवर बसल्याचं हाताला जाणवलं पाहिजे. कॉइलचा बोल्ट ८ ते १० न्यूटन मीटरच्या वर नेऊ नका, प्लास्टिकचा कान तुटतो.

एकच कॉइल गेली असेल तर एकच बदला, पण प्लग मात्र सगळे नवे घाला. थोड्याच महिन्यांत दुसरीही गेली, तर उरलेल्या कॉइलचंही वय झालंय असं समजून सेट घ्या.

कोड पुसून गाडी चढावर, वरच्या गिअरमध्ये, कमी वेगावर ओढून पाहा; कमजोर ठिणगी तिथेच उघडी पडते. आठवड्याभराने कॉइल पुन्हा उचलून भोकात टॉर्चचा उजेड टाका. तळ कोरडा असेल तर सील नीट बसलंय.