साथीची लस: नाव नोंदवण्यापासून प्रमाणपत्र हातात पडेपर्यंत

लसीसाठी नाव नोंदवणं, तारीख-वेळ ठरवून घेणं आणि प्रत्यक्ष लस टोचून घेणं ही तीन वेगवेगळी कामं आहेत. पहिलं उरकलं की पुढची दोन आपसूक होतील, असं समजून बसणारे रांगेत मागे पडतात. कोविडच्या काळात बऱ्याच ठिकाणी हा घोळ झाला. माहिती भरली, ‘नोंदणी यशस्वी’ असा संदेश आला आणि माणूस बोलावण्याची वाट बघत राहिला. काही यंत्रणा खरोखर बोलावतात, काहींत वेळ आपली आपणच शोधून पकडावी लागते. म्हणून नोंदणीचं पान उघडलं की आधी एवढंच बघा: यापुढचं पाऊल कोणी उचलायचं आहे, त्यांनी की तुम्ही?

आपला नंबर कधी लागेल

साथ ऐन भरात असते तेव्हा सगळ्यांना पुरेल इतकी लस नसते. त्यामुळे टप्पे पाडले जातात. ब्रिटनमध्ये ८ डिसेंबर २०२० रोजी मोहीम सुरू झाली तेव्हा चाचण्यांबाहेरची फायझरची पहिली लस नव्वदीच्या मार्गारेट कीनन यांना दिली गेली, कारण वय हाच त्या आजारातला सगळ्यात मोठा धोका होता. त्यानंतर जेमतेम महिन्याभराने इंडोनेशियाने नेमका उलटा क्रम लावला. आरोग्य कर्मचाऱ्यांबरोबर १८ ते ५९ वयोगट आधी घेतला, कारण त्यांच्या हातात असलेल्या लसीची ज्येष्ठांबाबतची माहिती तेव्हा पुरेशी नव्हती. दुसऱ्या देशातल्या किंवा दुसऱ्या शहरातल्या नातेवाइकांना लस मिळाली म्हणून आपणही पात्र झालो, असं म्हणूनच धरता येत नाही. आपल्या आरोग्य खात्याची यादी वाचा. त्यात वयाखेरीज व्यवसाय, मधुमेह किंवा मूत्रपिंडाच्या विकारासारखे जुने आजार, गर्भारपण असे निकष असतात. जुन्या आजाराच्या आधारावर नंबर लागणार असेल तर डॉक्टरांची चिठ्ठी लागण्याची शक्यता असते. ती आधीच मागून ठेवा, कारण यादी जाहीर झाल्यावर दवाखान्यात तीच चिठ्ठी मागणाऱ्यांची रांग लागते.

नोंदणी

ओळखपत्र समोर ठेवून अर्ज भरा. नाव त्यावर जसं छापलंय तसंच, अक्षरन् अक्षर तसंच. घरगुती नाव, आडनाव आधी की नंतर, लग्नानंतरचं नाव यांतली गफलत नोंदणीच्या दिवशी कोणाच्या लक्षात येत नाही. ती वर येते थेट प्रमाणपत्रावर, आणि तिथे ती निस्तरणं फार कटकटीचं असतं. जन्मतारखेचंही तेच.

मोबाइल क्रमांक कोणाचा द्यायचा हा प्रश्न वाटतो तितका साधा नाही. त्या क्रमांकावर येणारा ओटीपी केंद्रावरही विचारला जाऊ शकतो. परगावी राहणाऱ्या मुलाने आईची नोंदणी स्वतःच्या क्रमांकावर केली, तर ऐन वेळी आई केंद्रावर आणि ओटीपी मुलाच्या खिशात, अशी गत होते. जो माणूस सोबत जाणार आहे त्याचाच क्रमांक द्यावा. एका क्रमांकावर घरातल्या किती जणांची नोंदणी चालते, हेही तपासून घ्या.

ज्यांच्याकडे फोन नाही, इंटरनेट नाही किंवा ओळखपत्रच नाही, त्यांनी परस्पर माघार घेऊ नये. अशा मोहिमांत बहुतेक ठिकाणी हेल्पलाइन असते, थेट केंद्रावर जाऊन नाव नोंदवायची सोय असते, अंथरुणाला खिळलेल्यांसाठी घरी जाणारी पथकंही असतात. या सोयींची जाहिरात संकेतस्थळाच्या मानाने कमी होते, एवढंच. विचारावं लागतं.

या टप्प्यावर भामटेही सक्रिय असतात. ‘पैसे भरा, नंबर आधी लावतो’ असं सांगणारा फोन, संदेशातून आलेली लिंक, बँक खात्याचा किंवा कार्डाचा तपशील मागणारा अर्ज दिसला की तिथेच थांबा. ब्रिटनच्या आरोग्य सेवेला २०२१ च्या सुरुवातीला लोकांना बजावून सांगावं लागलं की लस मोफत आहे आणि आम्ही बँकेचा तपशील कधीही विचारत नाही. संकेतस्थळाचा पत्ता स्वतः टाइप करून उघडावा, आलेल्या लिंकवर बोट ठेवू नये.

वेळ पकडणं

लसीचा साठा थोडाथोडा करून येतो आणि वेळाही तशाच खुल्या होतात. सकाळी ‘जागा नाही’ दिसलं तर त्याचा अर्थ सकाळी नव्हती, इतकाच. तुमच्या भागात वेळा साधारण कधी खुल्या होतात हे एकदा कळलं की दिवसभर फोन चाळत बसावं लागत नाही. लहान केंद्रं आणि कामाच्या दिवसातली दुपार इथे गर्दी तुलनेने कमी असते.

उरलेल्या डोसबद्दलही विचारून ठेवा. यामागे साधं गणित आहे. फायझरची मूळ लस उणे ७० अंशांच्या आसपास साठवावी लागे आणि कुपीत द्रावण मिसळलं की सहा तासांत संपवावी लागे. एका कुपीत सहा डोस. वेळ घेतलेले दोघे आलेच नाहीत तर संध्याकाळी दोन डोस टाकून तरी द्यायचे, नाहीतर जो हजर असेल त्याला द्यायचे. त्यामुळे बऱ्याच केंद्रांनी प्रतीक्षायादी ठेवली होती. तासाभरात पोहोचू शकत असाल तरच त्यात नाव द्या. आणि स्वतःला जमणार नसेल तर घेतलेली वेळ रद्द करा. दोन-तीन केंद्रांवर वेळ अडवून ठेवणं मला तरी निव्वळ आडमुठेपणा वाटतो.

जायच्या दिवशी

उपाशी जाऊ नका. रिकाम्या पोटी, रांगेत ताटकळून आणि सुईच्या धास्तीने घेरी येणारे बरेच असतात, विशेषतः तरुण मुलंमुली. दंड खांद्यापर्यंत मोकळा करता येईल असा कपडा घाला. ओळखपत्र, नोंदणी क्रमांक आणि रोजच्या औषधांची यादी बरोबर असू द्या. रोजची औषधं डॉक्टरांना न विचारता बंद करायची नाहीत. ताप येऊ नये म्हणून वेदनाशामक गोळी आधीच घेऊन जायची शक्कल जागतिक आरोग्य संघटनेला मान्य नाही. ताप किंवा संसर्गाची लक्षणं असतील तर वेळ पुढे ढकला.

टोचणाऱ्या परिचारिकेला काही गोष्टी तिने विचारायची वाट न बघता सांगाव्यात. पूर्वी कुठल्या लसीने, इंजेक्शनने किंवा औषधाने तीव्र ॲलर्जी झाली होती का, रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का, गरोदर आहात का, स्तनाच्या शस्त्रक्रियेत काखेतल्या गाठी काढल्या आहेत का. यातल्या बहुतेक कारणांसाठी लस नाकारत नाहीत, फक्त पद्धत बदलतात. गाठी काढलेल्या असतील तर दुसरा दंड निवडतात. रक्त पातळ असेल तर बारीक सुई वापरून त्या जागी किमान दोन मिनिटं दाबून धरतात, चोळत नाहीत.

टोचून झाल्यावर पंधरा मिनिटं बसवून ठेवतात. तीव्र ॲलर्जीचा इतिहास असेल तर अर्धा तास. हा वेळ चुकवून निघू नका. अमेरिकेतल्या नोंदींनुसार कोविड लशींनंतरची तीव्र ॲलर्जी दहा लाख डोसांमागे साधारण पाच जणांना झाली, आणि अशी रिॲक्शन बहुधा पहिल्या काही मिनिटांतच येते. त्यावरचं इंजेक्शन त्या खोलीत तयार असतं, घरी नसतं.

पुढचे दोन-तीन दिवस

दंड दुखणं, कसकस, डोकेदुखी, थकवा हे एक-दोन दिवस चालतं. त्रास सुरू झाल्यावर पॅरासिटामॉल घ्यायला सहसा हरकत नसते. एमआरएनए प्रकारच्या लशींनंतर (फायझर, मॉडर्ना) त्या बाजूच्या काखेत गाठ सुजू शकते. नजीकच्या काळात मॅमोग्राफी, म्हणजे स्तनांची क्ष-किरण तपासणी, करायची असेल तर लस कोणत्या दंडात आणि कधी घेतली हे तिथे सांगा, म्हणजे नसती शंका निघायची नाही.

छातीत दुखणं, धाप लागणं किंवा धडधड ही लक्षणं मात्र अंगावर काढू नका. एमआरएनए लशींनंतर हृदयाच्या स्नायूचा दाह विरळाच, पण झाल्यास मुख्यतः तरुण मुलग्यांत आणि बहुधा आठवड्याभरात दिसला. ॲडेनोव्हायरस या निरुपद्रवी केलेल्या विषाणूवर आधारित लशींनंतर (ॲस्ट्राझेनेका, जॅन्सन) चार दिवसांपासून ते काही आठवड्यांपर्यंत न थांबणारी तीव्र डोकेदुखी, धूसर दिसणं किंवा पायाला सूज आली तर लगेच रुग्णालय गाठावं. असा त्रास लसीमुळेच झाला की नाही हे ठरवणं तुमचं काम नाही. औषध सुरक्षेच्या यंत्रणेकडे किंवा केंद्राकडे त्याची नोंद मात्र करा.

दुसरा डोस

किती डोस आणि किती अंतराने, हे लसीगणिक बदलतं. फायझरचं मूळ अंतर २१ दिवसांचं, मॉडर्नाचं २८ दिवसांचं, तर जॅन्सनची (जॉन्सन अँड जॉन्सनची) लस एकाच डोसची होती. २००९ च्या एच१एन१ (स्वाइन फ्लू) साथीत अमेरिकेत मोठ्यांना एक डोस पुरला, पण दहा वर्षांखालच्या मुलांना दोन द्यावे लागले. अंतर मध्येच बदलूही शकतं. डिसेंबर २०२० च्या अखेरीस ब्रिटनने ते बारा आठवड्यांपर्यंत ताणलं, म्हणजे आहे त्या साठ्यात जास्त लोकांना निदान पहिला डोस मिळेल. त्यामुळे कार्डावरची तारीख आल्यावर एकदा ताजी सूचना बघा आणि दुसऱ्या डोससाठी वेगळी वेळ घ्यावी लागते का तेही. तारीख हुकली तर सहसा पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही, लवकरात लवकर पुढचा डोस घ्यायचा. दोन डोसांच्या लशीत पुरेसं संरक्षण दुसऱ्या डोसनंतर साधारण दोन आठवड्यांनी येतं. तोवर मास्क उतरवायची घाई नको.

प्रमाणपत्र

केंद्रातून बाहेर पडण्याआधीच कार्ड वाचा. नाव, जन्मतारीख, लसीचं नाव, बॅच क्रमांक, दिनांक. चूक दिसली तर तिथल्या तिथे दुरुस्त करून घ्या. त्याच टेबलावर दोन मिनिटांत होणाऱ्या दुरुस्तीसाठी नंतर अर्ज, ओळखपत्राची प्रत आणि वाट पाहणं एवढं सगळं लागतं. कार्डाचा फोटो काढून ठेवा, पण तो समाजमाध्यमांवर टाकू नका. त्यावर तुमची जन्मतारीख असते, आणि अमेरिकेत ग्राहकांचं हित जपणाऱ्या फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी संस्थेने २०२१ मध्ये नेमका याच कारणाने लोकांना सावध केलं होतं.

प्रवास करणार असाल तर प्रमाणपत्रावरचं नाव पासपोर्टशी जुळतं का, ते तिकीट काढण्याआधी पाहा. एक डोस एका देशात आणि दुसरा दुसऱ्या देशात झाला असेल तर दोन्ही कागद जवळ ठेवून स्थानिक आरोग्य खात्याकडे पहिल्या डोसची नोंद करून मागा. ती आपोआप जोडली जाईल या भरवशावर राहू नका, नाहीतर यंत्रणेच्या लेखी तुमचा एकच डोस झालेला राहतो.