फौजदारी बाजूला ज्युनिअर म्हणून येताय? आधी दिवस मोजायला शिका

पुण्याच्या शिवाजीनगर कोर्टात फौजदारी प्रॅक्टिस करायचं ठरवलं असेल, तर रिमांड (कोर्टाने दिलेली कोठडी), पीसीआर (पोलीस कोठडी), एमसीआर (न्यायालयीन कोठडी) हे शब्द तुम्हाला नवे नसणार. ते सोडून देते. पक्षकाराचे नातेवाईक मात्र कलमं विचारत नाहीत. "मॅडम, पोरगं घरी कधी येणार?" एवढंच विचारतात. यावर तारीख देऊ नका. कधीच नाही. "दोन दिवसांत बाहेर काढतो" म्हणणारे आवारात पैशाला पासरी मिळतात आणि तिसऱ्या दिवशी फोन उचलत नाहीत.

दुसरा ठरलेला प्रश्न : "फिर्यादी तयार आहे, केस मागे घेऊ का?" फिर्यादीच्या मनात आलं म्हणून गुन्हा मागे जात नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 359 मधले गुन्हे आपसात मिटवता येतात, त्यातल्या काहींना कोर्टाची परवानगी लागते. बाकीचे रद्द करून घ्यायला कलम 528 खाली हायकोर्ट. कोल्हापूरला 2025 मध्ये हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालं, पण पुणे जिल्हा त्यात नाही, आपल्याला मुंबईच गाठायची. "पोलिसांनी कबुलीवर सही घेतली, आता संपलं का?" याला मात्र धीर द्या. पोलिसांपुढचा कबुलीजबाब आरोपीविरुद्ध शाबित करता येत नाही. त्यातून एखादी वस्तू सापडली, तर तेवढ्यापुरता भाग पुराव्यात येतो, हेही त्याच दमात सांगा.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. डिफॉल्ट बेल.

त्याच संहितेचं कलम 187(3). तपास मुदतीत संपून दोषारोपपत्र आलं नाही, तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो. फाशी, जन्मठेप किंवा दहा वर्षं व त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात 90 दिवस, इतर गुन्ह्यांत 60. म्हणजे साध्या फसवणुकीला, जिथे कमाल शिक्षा सात वर्षं, तिथे 60. मोक्का, म्हणजे संघटित गुन्हेगारीविरोधी कायदा, लागला तर गणितच वेगळं, मुदत 180 पर्यंत वाढवून मिळू शकते. इथपर्यंत सगळ्यांना पाठ असतं. घोळ होतो तो मोजण्यात.

समजा, अटक 2 मार्चला संध्याकाळी झाली आणि 3 मार्चला पहिला रिमांड झाला. मोजणी अटकेपासून नाही, रिमांडपासून. आणि रिमांडचा दिवस धरून. सुप्रीम कोर्टाने 2023 मध्ये कपिल वाधवान प्रकरणात हे स्पष्ट केलं. मार्चचे 29, एप्रिलचे 30, म्हणजे साठावा दिवस 1 मे. महाराष्ट्र दिनाची सुट्टी असली तरी पोलिसांना त्याची सवलत नाही. 2 मेला कोर्ट उघडताच तुमचा अर्ज आत गेला पाहिजे. 1 तारखेला टाकलात तर मुदतपूर्व म्हणून फेटाळला जाईल, ते निस्तरता येतं. रिमांडचा दिवस सोडून मोजलंत तर तुम्ही 3 तारखेची वाट बघत बसाल, आणि 2 तारखेला दोषारोपपत्र दाखल झालं की हक्क गेला. अर्ज आधी पडला असेल तर मागून आलेल्या दोषारोपपत्राने काही बिघडत नाही, हे सुप्रीम कोर्टाने एम. रवींद्रन प्रकरणात 2020 मध्ये सांगितलं. म्हणून काउंटरवर अर्ज देताना तारखेखाली वेळही लिहून घ्या. कारकून कुरकुर करतो. करू द्या.

मी ज्यांच्या ऑफिसात होते, त्या सरांच्या हातात एकसष्टाव्या दिवशी सकाळी टाइप केलेला अर्ज होता. ते म्हणाले, "जामीनदार येऊ दे, एकदमच टाकू." जामीनदार मंचरहून एसटीने येत होता. जेवणाच्या सुट्टीआधी हवालदार काखेत गठ्ठा मारून आत गेला आणि दोषारोपपत्र दाखल झालं. अर्जाला जामीनदार सोबत लागतच नाही, तो हुकूम झाल्यावर द्यायचा असतो. त्या मुलाची बहीण बाकावर डबा घेऊन बसली होती, तिला हे मराठीत कसं सांगायचं ते मला आजही सुचत नाही.

म्हणून म्हणते, मोठं नाव बघून सीनिअर धरू नका. ज्याची डायरी नीट आहे तो धरा. सरांच्या डायरीवर विसंबूही नका, रिमांडची तारीख रोजनाम्यावरून, म्हणजे कोर्टाच्या रोजच्या कामाच्या नोंदीवरून, स्वतः उतरवून घ्या. तयार अर्जांच्या पेन ड्राइव्हबद्दल तर बोलायलाच नको. त्यात डिफॉल्ट बेलसाठी जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं 167(2) असतं, आणि नवी संहिता लागू झाल्यावरच्या, म्हणजे 1 जुलै 2024 नंतरच्या गुन्ह्यात तेच कलम टाइप करून आणणारे अजून दिसतात.

घाबरू नका, हे सगळं हाताला बसतं. पक्षकार पहिल्या भेटीत खरं सांगत नाही, त्याचाही राग धरू नका. वकिलाला सांगितलेलं गोपनीय राहतं, हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. पुढचा गुन्हा करायला मदत मागितली तर मात्र ते संरक्षण नाही. फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे पाठवा, तिथले वकील फुकटचे म्हणून कच्चे असतात हा गैरसमज आहे.

आणि नातेवाईकांना पहिल्याच दिवशी जामीनदाराच्या कागदांच्या मागे लावा : सातबारा किंवा घरपट्टीची पावती, आधार, रेशनकार्ड. हुकूम हातात असूनही जामीनदार नाही म्हणून माणसं येरवड्यात आठवडेच्या आठवडे राहतात. तसं दिसलं तर रोख जामिनाचा अर्ज त्याच दिवशी द्या.