अलास्काची क्रूझ आणि पुढे स्वतःची भटकंती : या चुका टाळा

अलास्काला निघालेले आपल्याकडचे बरेच जण स्वस्त दिसलं म्हणून आधी मुंबईहून विमानाचं तिकीट काढतात, मग जहाज शोधतात आणि उरलेल्या दिवसांत डेनाली हे तिथलं राष्ट्रीय उद्यान कोंबतात. याच्या उलट करा. जहाजाची तारीख हलत नाही. विमान, गाडी, हॉटेल तिच्या मागेपुढे बसवा. जहाजावर फारसं काही बिघडत नाही, बिघडतं ते जहाज आणि जमीन यांच्या सांध्यात.

सगळ्यात महागडी चूक व्हिसाची. ‘सिएटलहून निघून सिएटललाच परत, मग अमेरिकेचा व्हिसा पुरे,’ हे आपल्या नाशिकच्या कॉलेज रोडवर चहा पितापिता हमखास ऐकू येतं. पुरत नाही. १८८६ च्या एका अमेरिकी कायद्यामुळे परदेशात नोंदलेल्या जहाजांना अशा फेरीत वाटेत परदेशी बंदर घ्यावंच लागतं, म्हणून ती कॅनडातल्या व्हिक्टोरियाला काही तास थांबतात, बहुतेकदा संध्याकाळी उशिरा. तेवढ्यासाठी भारतीय पासपोर्टवर कॅनडाचा व्हिसा लागतो. ‘आम्ही उतरणारच नाही’ हे उत्तर चालत नाही. चेक-इनलाच परत पाठवतात. कॅनडातल्याच व्हँकुव्हरहून निघणार असाल तर अमेरिकेचा व्हिसा मल्टिपल एंट्रीचा आहे ना, तेही पाहा. दोन्ही व्हिसा हातात येईपर्यंत परतावा न मिळणारं काहीही बुक करू नका. बुकिंग आधीच झालं असेल, तर जहाजाचा शेवटचा हप्ता कधी भरायचा ती तारीख शोधा. व्हिसा त्याच्या आत येण्याची चिन्हं नसतील, तर तेव्हाच पुढच्या हंगामावर ढकला. हंगाम साधारण मे ते सप्टेंबर असतो.

जमिनीवर फिरायचं असेल तर जाऊन-येऊन फेरी घेऊ नका. व्हँकुव्हर ते अलास्कातलं सुअर्ड किंवा व्हिटियर अशी एकेरी घ्या. इथे एक फसगत आहे : कार्यक्रमपत्रिकेत ‘अँकरेज’ हे अलास्कातलं मोठं शहर छापलेलं असतं, जहाज मात्र या दोन गावांपैकी एकाला लागतं. सुअर्डहून अँकरेज सुमारे २०० किलोमीटर. व्हिटियर जवळ आहे, पण वाटेत चार किलोमीटरचा एकपदरी बोगदा लागतो. त्यातून रेल्वे आणि गाड्या आळीपाळीने जातात, प्रत्येक दिशेला तासातून एकदाच. कसाऱ्यात अडकायची सवय असलेल्यांना याचं काही वाटणार नाही, पण त्याच दिवशी दुपारचं विमान ठेवलंत तर वाटेल. गाडी बंदरावर न घेता बस किंवा रेल्वेने अँकरेजला जाऊन तिथेच घ्या. दुसऱ्या गावी सोडायचा वेगळा आकार वाचतो. गाडी चालवण्याचा आंतरराष्ट्रीय परवाना निघण्यापूर्वी पेठ रोडच्या आरटीओतून काढा.

डेनालीत ही गाडी फार कामाची नाही. स्वतःचं वाहन फक्त पहिले २४ किलोमीटर जातं, पुढे पार्कची बस. ऑगस्ट २०२१ मध्ये दरड सरकल्यामुळे रस्ता निम्म्यावर बंद झाला; बस कुठपर्यंत जाते ते पाहूनच तिकीट काढा. ६,१९० मीटरचा डेनाली डोंगर बहुतेक दिवस ढगातच असतो. एक रात्र ठेवणारे हात हलवत परततात. निदान दोन ठेवा, आणि दिसला नाही तर बसमधून अस्वलं बघा.

छत्री घरीच ठेवा. वाटेतल्या केचिकन बंदरात वर्षाला ३,८०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, म्हणजे इगतपुरीच. चांगला रेनकोट घ्या.

बंदरावर स्वतःची सहल आखलीत तर घड्याळ जहाजाचं मानायचं. अलास्का व्हँकुव्हरच्या एक तास मागे आहे, आणि फोन आपोआप बदलला तरी जहाजाचं घड्याळ बदललेलं असेलच असं नाही. जहाजाने विकलेल्या सहलीला उशीर झाला तर ते थांबतं; तुमच्यासाठी थांबणार नाही. जुनो या बंदराला बाहेरून रस्ताच नाही, त्यामुळे जहाज सुटलं तर पुढचं बंदर विमानाने किंवा फेरीबोटीने, स्वतःच्या खर्चाने गाठायचं. तसं झालंच तर आधी बंदरावरच्या जहाजाच्या एजंटाला गाठा. त्याचा नंबर रोजच्या पत्रकावर असतो. उतरण्याआधी त्याचा फोटो काढून ठेवा.