शाळेच्या अ‍ॅक्वापोनिक्समध्ये मासे आणि त्यांचं जिवंत खाद्य कसं वाढवावं

अ‍ॅक्वापोनिक्स म्हणजे माशांच्या टाकीतल्या पाण्यावर झाडं वाढवणं. टाकी, पंप, झाडांचा वाफा आणि पाणी तपासायचं टेस्ट किट तयार आहे असं धरतो. मासे सोडण्याआधी टाकीत थोडाथोडा अमोनिया घालत राहा, म्हणजे त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू वाढतात. घातलेला अमोनिया दिवसभरात शून्यावर यायला हवा, नायट्राइटही शून्य आणि नायट्रेट दिसायला हवं. याला साधारण 4 ते 6 आठवडे लागतात. उद्घाटनाची तारीख ठरली म्हणून जिवाणू घाई करत नाहीत. मग मोजकेच मासे सोडा. गप्पी किंवा तिलापिया मुलांच्या हाताळणीत टिकतात. पीएच 7 च्या आसपास ठेवा.

खरा घाम काढतो तो डॅफ्निया, म्हणजे माशांना जिवंत खाद्य म्हणून बादलीत वाढवायचा पाण्यातला बारीक कवचधारी जीव. आज बादली गजबजलेली असते आणि उद्या सगळे तळाशी मरून पडलेले. मी या टप्प्यावर बराच काळ अडकलो होतो. कारण बहुतेक वेळा एकच निघतं: जास्त खाऊ घालणं. ‘रोज चमचाभर यीस्ट टाका’ असं कोणी सांगितलं, तर त्याचं पुढचं काही ऐकू नका.

डॅफ्निया पाण्यातले सूक्ष्म कण गाळून खातात. उरलेलं यीस्ट कुजतं आणि ऑक्सिजन संपवतं. 20 लिटरच्या बादलीला यीस्टची अगदी बारीक चिमूट पुरते. ती पेलाभर कोमट पाण्यात विरघळवा आणि बादलीतलं पाणी जेमतेम धुरकट होईल इतकंच त्यातलं ओता. 24 तासांत पाणी निवळलं तरच पुन्हा द्यायचं. नाही निवळलं तर उपास. हिरवं पाणी, म्हणजे सूक्ष्म शैवाल वाढलेलं पाणी, मिळालं तर यीस्टला हातही लावू नका, कारण जिवंत शैवाल उरलं तरी कुजत नाही.

डॅफ्निया लालसर दिसू लागले की ऑक्सिजन कमी पडतोय असं समजा. हवा द्या, पण एअर स्टोन (हवेचे बारीक बुडबुडे करणारा सच्छिद्र दगड) काढून नुसत्या नळीतून, मोठ्या बुडबुड्यांची. बारीक बुडबुडे कवचात अडकतात आणि बिचारे पृष्ठभागावर तरंगत राहतात. नळाचं पाणी थेट घालू नका, क्लोरीन त्यांना मारतं. माशांच्या टाकीतलं पाणी उत्तम, मात्र त्यात तांबं असलेलं कुठलंही औषध पडलेलं नको. तळ्यातून आणलेले डॅफ्निया मी शाळेत येऊच देत नाही. त्यांच्यासोबत हायड्रा, जळवा आणि चतुरांच्या अळ्या येतात.

बादली भरली की रोज साधारण चौथा हिस्सा जाळीने काढा. जपून ठेवलेली गर्दीही कोसळते. आणि बादल्या किमान दोन हव्यात, वेगवेगळ्या दिवशी सुरू केलेल्या. प्रत्येकीची जाळी वेगळी ठेवा.

आर्टेमिया, म्हणजे खाऱ्या पाण्यातला बारीक कोळंबीसारखा जीव, सोपा आहे: त्याच्या अंड्यांना खारं पाणी, हवा, उजेड आणि 26 ते 28 अंश तापमान, की साधारण दिवसभरात पिल्लं बाहेर. पण गोड्या पाण्यात धुतल्याशिवाय टाकीत टाकू नका. मीठ साचत जातं आणि झाडं ते सोसत नाहीत.

जिवंत खाद्य माशांच्या पिल्लांसाठी आणि पूरक म्हणून. मोठ्या तिलापियाचं पोट डॅफ्नियाने भरत नाही आणि झाडांना लागणारा नायट्रोजनही मुख्यतः बाहेरून आलेल्या गोळी खाद्यातूनच येतो. गोळी थांबवलीत तर पालेभाज्या पिवळ्या पडतील.

शनिवार-रविवारसाठी शुक्रवारी दुप्पट खाद्य टाकायची सवय आधी मोडा. निरोगी मोठे मासे दोन दिवस आरामात राहतात. लांब सुट्टीत मात्र एका माणसाकडेच जबाबदारी द्या आणि रोजचं खाद्य पुड्या बांधून ठेवा.