घरी रेकॉर्ड केलेला आवाज मध्येच मोठा, मध्येच बारीक? या चुका टाळा

मुखडा ठीक वाटतो. अंतऱ्यात गायक वरच्या स्वराला गेला की आवाज कानावर आदळतो आणि ओळीचा शेवटचा शब्द वाद्यांखाली गडप होतो. घरी रेकॉर्डिंग करणाऱ्या बहुतेकांची तक्रार हीच असते. त्यावर पहिला उपाय म्हणून ट्रॅकवर कंप्रेसर (मोठा आवाज आपोआप दाबणारं साधन) टाकला जातो, आणि घोळ तिथूनच सुरू होतो. कंप्रेसरची पाळी बरीच नंतर येते. त्याआधीची कामं हाताने आणि कानाने करायची असतात, आणि निम्म्याहून जास्त दुरुस्ती तर रेकॉर्डचं बटण दाबण्याआधीच होऊ शकते.

माइकपासूनचं अंतर बदलत राहणं

सगळ्यात महागात पडणारी चूक ही. मोकळ्या जागेत आवाजापासूनचं अंतर दुप्पट झालं की पातळी सुमारे ६ डेसिबलने उतरते. तोंड माइकपासून १० सेंटीमीटरवर असताना मान मागे गेली आणि अंतर २० झालं, की तेवढ्यानेच ६ डेसिबल गेले. हीच १० सेंटीमीटरची हालचाल ३० वरून ४० वर झाली, तर घट साधारण अडीच डेसिबलचीच असते. म्हणजे माइकला जितकं चिकटून गाल, तितकी प्रत्येक हालचाल जास्त ऐकू येईल.

त्यात घरी सर्रास वापरले जाणारे कार्डिऑइड (मुख्यतः समोरचा आवाज पकडणारे) माइक जवळून खर्ज फुगवतात. त्यामुळे जवळून गायलेला शब्द नुसता मोठा नसतो, जाडही असतो. पुढे पातळी कितीही जुळवली तरी दोन शब्द दोन वेगळ्या माणसांचे वाटतात. म्हणून १५ ते २० सेंटीमीटर अंतर ठरवा, पॉप फिल्टर (तोंडातल्या हवेचे धक्के अडवणारी जाळी) त्या हिशेबाने पक्का बसवा आणि पाय कुठे ठेवायचे तिथे जमिनीवर चिकटपट्टी लावा. वरच्या स्वराला किंचित मागे झुकायला हरकत नाही, पण हातभर मागे गेलात तर गळ्यापेक्षा खोलीचाच आवाज जास्त भरेल.

शब्दांचा कागद कुठे आहे, हेही बघा. तो हातात किंवा बाजूला असेल, तर प्रत्येक ओळीला मान खाली जाते, तोंड माइकच्या रोखातून सरकतं आणि व्यंजनं बोथट होतात. कागद माइकच्या मागे, डोळ्यांच्या रेषेत लावा. एवढ्या साध्या बदलाने ओळींचे शेवट परत ऐकू येऊ लागतात.

गेन ठरवताना नुसतं 'हॅलो, चेक' म्हणणं

बोलण्यावर गेन (माइकचा आवाज किती वाढवून घ्यायचा ते) ठरवला की तार सप्तकात आवाज फाटतो. मग टेक (एका दमात केलेलं रेकॉर्डिंग) अर्ध्यावर असताना गेन कमी केला जातो, आणि एकाच गाण्याचे दोन तुकडे पडतात. गाण्यातली सगळ्यात चढी ओळ पूर्ण ताकदीने गाऊन घ्या. तिची शिखरं मीटरवर उणे १० डेसिबलच्या आसपास (शून्याला आवाज फाटतो) राहतील असा गेन ठेवा आणि नंतर त्याला हात लावू नका. २४ बिटवर रेकॉर्ड करत असाल, तर हळू ओळी मीटरवर खाली दिसल्या म्हणून बिघडत नाही, त्या नंतर सहज वर घेता येतात. फाटलेला आवाज मात्र धड दुरुस्त होत नाही. फोनवर किंवा लॅपटॉपवर आपोआप पातळी जुळवणारी सोय चालू असेल, तर ती आधी बंद करा. ती शांत जागी खोलीची घरघर वर आणते आणि पुढचा शब्द आला की दचकून खाली जाते.

हेडफोनकडे दुर्लक्ष

स्वतःचा आवाज हेडफोनमध्ये फार मोठा आला की गायक नकळत दबून गातो. तो वाद्यांत बुडाला की ओरडतो. गळा तयार असूनही टेक वर-खाली होतो, तो अनेकदा यामुळे. आवाज आणि वाद्यं यांचा तोल टेक सुरू करण्याआधी गायकाला विचारून लावा. स्वर लावताना अडखळत असेल, तर एका कानावरचा हेडफोन थोडा सरकवू द्या. त्या कानाकडचा आवाज मात्र बंद करा, नाहीतर तो माइकमध्ये शिरेल.

नॉर्मलाइझ करून समाधान मानणं

नॉर्मलाइझने, म्हणजे सगळ्यात मोठं शिखर ठराविक पातळीला नेण्याने, अख्खा ट्रॅक सारखाच वर जातो. मोठं आणि बारीक यांतला फरक तसाच राहतो.

सगळं ओझं एकट्या कंप्रेसरवर टाकणं

थ्रेशोल्ड म्हणजे जिथून कंप्रेसर दाबू लागतो ती पातळी, आणि रेशो म्हणजे दाबण्याचं प्रमाण. ३:१ रेशोला थ्रेशोल्डच्या ६ डेसिबल वर गेलेला आवाज २ डेसिबलच वर उरतो. पण एक ओळ दुसरीपेक्षा १२ डेसिबल मोठी असेल, तर कंप्रेसर मोठ्या ओळीला चिरडतो आणि हळू ओळीला जवळपास शिवतही नाही. मग एकूण पातळी वाढवली, की श्वास, 'स' आणि 'श'ची शिट्टी, पंख्याची घरघर हे सगळं तितकंच पुढे येतं.

म्हणून आधी क्लिप गेन, म्हणजे प्रत्येक तुकड्याची पातळी वेगळी लावणं. ट्रॅक ओळीओळीने, गरज पडली तर शब्दाशब्दाने तोडा आणि प्रत्येक तुकडा कानाने जुळवा. नुसता वेव्हचा आकार पाहून जुळवू नका, कारण जाड आकाराचा खर्जातला स्वर कानाला बारीक वाटू शकतो. काम किचकट आहे, पण याच्याइतका स्वच्छ उपाय दुसरा नाही. त्यानंतर ८० ते १०० हर्ट्झखालची गुरगुर काढा, म्हणजे 'प' आणि 'भ'च्या धक्क्यांनी कंप्रेसर विनाकारण दबणार नाही. मग कंप्रेसर लावा आणि ३ ते ६ डेसिबलपर्यंतच दाबा. जास्त लागत असेल, तर दोन लावा: पहिला वेगवान, फक्त शिखरं पकडणारा, आणि दुसरा सावकाश चालणारा. अटॅक (कंप्रेसर किती वेळात दाबू लागतो ते) फार जलद ठेवला तर शब्दांची धार जाते.

शेवटी वाद्यं चालू ठेवून अगदी हळू आवाजात गाणं ऐका. जे शब्द हरवतात, तेवढेच फेडर ऑटोमेशनने (पातळीची सरकपट्टी ठरवलेल्या जागी आपोआप हलवणाऱ्या सोयीने) वर घ्या. गायकाने एखाद्या ओळीचा शेवट मुद्दाम हळुवार घेतला असेल, तर त्याला ओळीच्या सुरुवातीइतकं उचलू नका. शब्द कळेल इतकंच, म्हणजे दोनेक डेसिबल, वर घेतलंत तर बास.